पाणी ओढणारे विजेचे यंत्र

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीड हे गाव आहे. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणारा मोठा रस्ता या गावावरूनच पुढे जातो. सभोवार काळ्या मातीची शेते. त्यांत कापूस, सोयाबीन आणि तूर. अशा वाहत्या रस्त्यावरच्या गावात सुताराचा कारखाना असतो, वेल्डिंगचे दुकान असते, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे गॅरेज असते. त्यांपैकी सुताराच्या कारखान्याची आपण कल्पना करू. वैशाखात तेथे पाऊल टाकावे, तर करवतीचा पिवळसर भुसा घोट्यापर्यंत साचलेला असतो. पॉलिशपेपरने घासलेल्या सागवानाची धूळ तर इतकी सूक्ष्म की, कवडशात ती तरंगताना दिसते आणि कितीतरी वेळ खाली बसत नाही. पुढे मृग निघतो. एखाद्या रात्री मुसळधार पाऊस कोसळतो आणि पत्र्यांच्या फटींतून, उंबरठ्यावरून पाणी आत शिरते. भुसा, काळा चिखल आणि पाणी यांचा राबडा होतो. झाडूने धूळ गोळा होण्याऐवजी उडते आणि कारागिराच्या नाकातोंडात जाते. राबडा तर झाडूला मुळीच दाद देत नाही.

ही दोन्ही कामे करणारे एक यंत्र आता बाजारात मिळते. चाकांवर फिरणारी एक टाकी, तिच्यावर घट्ट बसणारे जाड झाकण, झाकणात विजेची मोटार आणि टाकीला जोडलेली लांब लवचीक नळी, एवढाच त्याचा पसारा. नळीचे तोंड भुशावर धरले की भुसा आत जातो, पाण्यावर धरले की पाणी आत जाते. कारागीर त्याला नुसते ‘व्हॅक्यूम’ म्हणतात.

येथे तुमच्यापैकी चाणाक्ष मुलांच्या मनात एक शंका आली असेल. ओल्या हाताने बटनाला हात लावू नये, असे घरी दहा वेळा बजावले जाते. मग विजेवर चालणारे यंत्र पोटात पाणी कसे घेते? ही शंका फार योग्य आहे. किंबहुना जो ही शंका घेत नाही, त्याच्या हाती हे यंत्र देऊच नये.

प्रथम हे यंत्र ओढते कसे, ते पाहू. खरे म्हणजे ते ओढत नाही. बाहेरची हवा ढकलते. हवेला वजन असते. समुद्रकाठी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार सुमारे 1 किलोग्रॅम पडतो. दुसरबीड पठारावर वसलेले असल्यामुळे तेथे तो थोडा कमी असतो. झाकणातील मोटार एक पंखा मिनिटाला 20,000 हून अधिक वेळा फिरवते. हा पंखा टाकीतील हवा बाहेर फेकतो, त्यामुळे टाकीत हवा विरळ होते. बाहेरची दाट हवा ती उणीव भरून काढण्यासाठी नळीच्या तोंडातून आत धाव घेते आणि जाता जाता भुसा, खिळे, पाणी जे वाटेत सापडेल ते बरोबर नेते. टाकीत शिरताच वाट एकदम रुंद होते, वेग मंदावतो, जड वस्तू तळाशी पडतात आणि हवा तेवढी वर निघून जाते. नळीने सरबत पिताना आपणही हेच करतो. तोंडातील हवा आपण कमी करतो. पेल्यातील सरबत वर चढवते ती बाहेरची हवा.

असे असेल तर या यंत्राने विहीर उपसता येईल काय? येणार नाही. टाकीतील हवा पुरती काढून टाकता आली, तरी बाहेरची हवा पाणी सुमारे 10 मीटरपर्यंतच चढवू शकते. हे यंत्र तर टाकीतील हवेचा दाब जेमतेम पाचव्या हिश्श्याने कमी करते. म्हणून त्याच्या नळीत पाणी फार तर दोन मीटर चढेल. बुलढाण्याकडच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात किती खोल जाते, हे तेथील मुलांना सांगावयास नको.

या यंत्राचा पूर्वज लंडनमध्ये जन्मला. 1901 साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने एक यंत्र पाहिले. ते वारा फुंकून धूळ उडवीत असे. उडालेली धूळ पुन्हा खालीच बसणार, हे बूथच्या ध्यानात आले. फुंकण्याऐवजी शोषून घेतले तर? त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावून श्वास जोराने आत ओढला आणि रुमालाच्या खालच्या बाजूस धुळीचा डाग उमटलेला पाहिला. त्याने पुढे बनविलेले यंत्र एवढे अवाढव्य होते की, ते घोडागाडीवर बसवून दारोदार न्यावे लागे आणि त्याच्या नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत. हाताने फिरविता येईल असे विजेचे यंत्र अमेरिकेत जेम्स मरे स्पँग्लर याने बनविले. 1908 साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. तो एका दुकानात झाडलोट करी आणि धुळीने त्याला दम्याचा त्रास होई. ज्याच्या छातीत धूळ जाते, त्यालाच उपाय सुचावा, हे मला फार साहजिक वाटते.

आता आपल्या शंकेकडे वळू. घरात गालिचे आणि गाद्या झाडण्यासाठी जे साधे व्हॅक्यूम यंत्र असते, त्याने पाणी कदापि ओढू नये. त्या यंत्रात आत आलेली हवा गाळणीतून निघून थेट मोटारीवरून जाते आणि तिला थंडही ठेवते. हवेबरोबर पाणी आले, तर तेही मोटारीच्या तारांवर जाईल. ओल्या-सुक्या केराच्या यंत्रात मात्र हवेच्या वाटा दोन असतात. टाकीतून येणारी दमट हवा पंख्यापाशी येते आणि तेथूनच बाजूने बाहेर पडते. मोटारीला ती शिवतही नाही. मोटार थंड ठेवण्यासाठी बाहेरची कोरडी हवा वेगळ्या पंख्याने आणि वेगळ्या झरोक्यांतून आत घेतलेली असते. दोन्ही वाटांमध्ये भिंत असते. वाड्याचे पाणी भरण्याचे दार आणि माजघराचे दार निराळे असावे, तशी ही रचना आहे.

एवढ्यानेही यंत्र बनविणाऱ्यांचे समाधान झालेले नाही. टाकी भरत आली आणि पाणी वर पंख्यापर्यंत पोहोचले तर काय, याचाही त्यांनी विचार केला आहे. झाकणाच्या खालच्या बाजूला एका जाळीदार पिंजऱ्यात एक पोकळ गोळा असतो. पाणी वर येऊ लागले की तो तरंगतो, वर चढतो आणि पंख्याकडे जाणारे भोक बंद करतो. ओढणे तत्काळ थांबते. मोटारीचा आवाज मात्र एकाएकी चढतो, कारण पंख्याला आता ढकलावयास हवाच उरलेली नसते. हा चढलेला सूर ऐकू येताच यंत्र बंद करावे. टाकी भरल्याची ती वर्दी आहे. परंतु साबणाच्या फेसापुढे या गोळ्याचे काही चालत नाही. फेस इतका हलका असतो की तो गोळ्याला उचलीत नाही, आणि गोळा खालीच असताना फेस भोकातून वर निघून जातो. म्हणून फरशी साबणाने धुतली असेल, तर तो फेस प्रथम साध्या पाण्याने मारून मगच यंत्र लावतात.

येथवर यंत्राच्या पोटात काय होते ते आपण पाहिले. तेथे पाणी आणि वीज यांची गाठ पडू नये, याची काळजी दुसऱ्या कोणीतरी आधीच घेऊन ठेवली आहे. पण यंत्राच्या पाठीमागून एक वायर निघते. ती ओल्या जमिनीवरून जाते, भिंतीवरच्या बोर्डापर्यंत पोहोचते, आणि त्या बोर्डाच्या बटनावर माणसाचा हात पडतो. या वाटेवर भिंत बांधणारा कोणी नाही. धोका जो काही आहे तो येथे आहे.

तो किती मोठा आहे, हे साध्या भागाकाराने कळते. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब 230 व्होल्ट असतो. कोरडी कातडी विजेला बराच विरोध करते. तो विरोध काही हजार ओहम किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. कातडी भिजली की तो सुमारे 1,000 ओहमपर्यंत उतरतो. 230 ला 1,000 ने भागले असता उत्तर येते 0.23 अँपिअर, म्हणजे 230 मिलीअँपिअर. हा आकडा तुम्हांला लहान वाटेल. 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा याहून थोडा अधिक प्रवाह घेतो. परंतु शरीराचे माप निराळे आहे. अमेरिकेतील प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी स्वयंसेवकांवर अतिशय सावधपणे प्रयोग करून पाहिले. त्यांत असे आढळले की, सरासरीने पुरुषाच्या हातातून सुमारे 16 मिलीअँपिअर आणि स्त्रीच्या हातातून सुमारे 10 मिलीअँपिअर प्रवाह वाहू लागला की, हातातील तार सोडणे अशक्य होते. स्नायू आखडतात आणि मूठ आपोआप आवळली जाते. वीज माणसाला ‘चिकटवून घेते’ असे लोक म्हणतात ते यामुळेच. चिकटते ती वीज नव्हे, आपलीच मूठ. प्रवाह 50 ते 100 मिलीअँपिअरच्या घरात गेला की हृदयाची लय बिघडून प्राण जाऊ शकतो. आपल्या भागाकाराचे उत्तर त्याच्या दुपटीहून मोठे होते.

पुष्कळांची समजूत असते की, असे काही झालेच तर फ्यूज उडेल. तसे होत नाही. हे यंत्र साधारणपणे 1,000 ते 1,400 वॅटचे असते, म्हणजे ते स्वतःच चार ते सहा अँपिअर प्रवाह घेते. त्यामुळे फ्यूज किंवा त्याच्या जागी आलेला एमसीबी त्याहून जास्त प्रवाह सहन करील असाच बसविलेला असतो. पाव अँपिअरने त्याला जागदेखील येणार नाही. फ्यूज असतो तो वायर जळू नये म्हणून. माणसाच्या रक्षणासाठी दुसरी दोन साधने आहेत.

त्यांतले पहिले म्हणजे अर्थिंग. टाकी धातूची असेल आणि आतील एखादी सोललेली तार तिला टेकली, तर सबंध टाकीत वीज उतरते. तिला हात लावणाऱ्याच्या शरीरातून ती जमिनीत जाऊ पाहते. म्हणून टाकीला आधीच एक जाड तार जोडून ती जमिनीत नेलेली असते. विजेला माणसाहून सोपी वाट मिळते आणि त्या वाटेने मोठा प्रवाह धावून फ्यूजही उडतो. प्लगाच्या तीन पिनांपैकी वरची मोठी पिन या तारेची. ती इतर दोहोंपेक्षा लांब ठेवलेली असते, म्हणून प्लग खोचताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. तिची तार हिरवी, किंवा हिरव्यावर पिवळा पट्टा असलेली असते. ही पिन मोडून टाकणे, किंवा प्लग तुटला म्हणून वायरीची दोन टोके सोलून ती आगपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचणे, हे प्रकार आपल्याकडे अजूनही सर्रास पाहावयास मिळतात. ज्याने काड्या खोचल्या त्याने त्या यंत्राची जमिनीकडे जाणारी वाटच बंद केली. काही यंत्रांना मात्र मुळातच दोन पिना असतात. त्यांचे सबंध आवरण प्लॅस्टिकचे असून आत विजेला अडविणारी दुहेरी आवरणे दिलेली असतात. चौकोनात चौकोन काढलेली एक खूण त्यांच्या पाटीवर छापलेली असते. ती पाहून ठेवावी.

अर्थिंगची तार जमिनीत जाते म्हणजे नेमकी कोठे जाते? इमारतीच्या बाजूला एक खोल खड्डा खणून त्यात लोखंडी नळ किंवा धातूचा पत्रा पुरतात आणि भोवती कोळसा व मीठ भरतात. ओलसर माती विजेला चांगली वाट देते. कोरडी माती देत नाही. येथेच काळ्या मातीच्या मुलखात विशेष लक्ष द्यावे लागते. पावसाळ्यात ही माती फुगून पुरलेल्या नळाला घट्ट बिलगते. पण चैत्र-वैशाखात ती आकसते, तिला हात हात खोल भेगा पडतात, आणि नळाभोवतालची मातीसुद्धा सुकून सुटी होते. वरून सर्व काही जसेच्या तसे दिसते; बोर्ड तोच, पिन तीच, हिरवी तार तीच; परंतु वाट मात्र अर्धीमुर्धी बुजलेली असते. म्हणून जाणता वायरमन अशा खड्ड्याला वरून एक नळी ठेवतो आणि उन्हाळ्यात तीतून पाणी घालावयास सांगतो. घराच्या कोपऱ्यात एखादे झाकण असलेले लहानसे तोंड तुम्ही पाहिले असेल आणि त्यात आजोबा अधूनमधून बादलीभर पाणी का ओततात, याचे तुम्हांला नवल वाटले असेल. ते झाड नव्हे. पण तहान त्यालाही लागते.

दुसरे साधन म्हणजे आरसीसीबी नावाचा एक लहानसा खटका. त्याचे काम गुराख्यासारखे असते. गुराखी सकाळी जनावरे मोजून रानात नेतो आणि सांजेला परतताना पुन्हा मोजतो. एखादे कमी भरले की गाव जागे करतो. यंत्राकडे जाणारा प्रवाह आणि त्याच्याकडून परत येणारा प्रवाह हे दोन्ही सारखेच असावयास हवेत. परतीचा प्रवाह कमी भरला, तर मधला भाग वाट सोडून कोठेतरी गळत आहे. कदाचित माणसाच्या शरीरातून. ही तूट 30 मिलीअँपिअर होईपर्यंत हा खटका पडतो आणि वीज बंद होते. 230 मिलीअँपिअरसारखी मोठी गळती असेल, तर तो सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्यातच पडतो. मूठ आवळल्याचे पुरते जाणवण्याआधीच काम झालेले असते. यालाही एक मर्यादा आहे. एखाद्याने एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरी तार धरली, तर जाणारे आणि येणारे माप सारखेच भरते. गुराख्याला वाटते, सगळी जनावरे आली. या खटक्यावर ‘टी’ अक्षर असलेले एक बारीक बटन असते. महिन्यातून एकदा मोठ्या माणसाने ते दाबून पाहावे. वीज गेली तर खटका शाबूत आहे. गेली नाही तर तो तेथे केवळ शोभेसाठी बसला आहे.

आता पावसाच्या त्या सकाळी कारखान्यात काय करावयाचे ते पाहू. शाळेची वेळ होण्यापूर्वी मुलगा वडिलांना हातभार लावावयास आला आहे. दोघेही दारातच थांबतात. आत कोणी पाय टाकीत नाही, कारण रात्री जमिनीवर पडून राहिलेला एक्स्टेंशन बोर्ड पाण्यात आहे किंवा नाही, हे दारातून कळत नाही. बाहेरूनच मेन स्विच बंद करतात. तो स्विच आतल्या ओल्या भागात असता, तर वायरमनला बोलाविल्यावाचून गत्यंतर नव्हते. मग पाण्यातील वायरी, बोर्ड, हातकरवती उचलून कोरड्या जागी टांगतात. त्या पूर्ण वाळून तपासल्या जाईपर्यंत कोणी वापरावयाच्या नाहीत. यंत्रासाठी वीज घ्यावयाची ती आरसीसीबीमागच्या, उंचावरच्या, कोरड्या सॉकेटमधून. यंत्राची वायर जमिनीवर न लोळविता खुंट्यांवरून आणतात, आणि सॉकेटच्या खाली तिला थोडा झोल सोडतात. कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर पावसाचे थेंब सरकत सरकत सर्वांत खालच्या जागी जमतात आणि तेथूनच गळतात, हे तुम्ही पाहिले आहे. वायरीवरचे थेंबही तसेच झोलापाशी गळून पडतात. सॉकेटपर्यंत चढत नाहीत. वाढीव वायर गुंडाळीची असेल तर ती सबंध उलगडतात, नाहीतर गुंडाळीतच उष्णता कोंडून आवरण वितळते. पायांत कोरडी रबरी पादत्राणे, हात पुसून कोरडे, आणि मगच बटन. हे सारे होईपर्यंत मुलाचे काम पाहण्याचे असते; बटन वडीलच दाबतात.

कोरडा भुसा ओढताना नळी हाताळणाऱ्याला कधी कधी बारीक चटका बसतो आणि तो दचकतो. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत लोकरीचा स्वेटर काढताना जी तडतड ऐकू येते, तीच ही घर्षणाची वीज होय; भुसा प्लॅस्टिकच्या नळीला घासत गेल्याने ती साचते. क्षणिक असल्याने ती सहसा अपाय करीत नाही. परंतु टाकीला किंवा झाकणाला हात लावताच मुंग्या येऊन त्या थांबत नसतील, तर ती गळती समजावी, दूर व्हावे आणि मोठ्या माणसांना हाक मारावी.

शेजारच्या ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये हेच यंत्र नेले, तर आणखी एक पथ्य लागते. मोटारीत कार्बनचे ब्रश फिरत्या भागाला घासत असतात आणि तेथे सदैव बारीक ठिणग्या उडतात. सांडलेले पेट्रोल किंवा रंगाचे थिनर या यंत्राने ओढणे म्हणजे ठिणगीपाशी वाफ नेऊन ठेवणे आहे. वेल्डिंगच्या दुकानातील गरम राख किंवा ठिणग्यांचा चुराही ओढीत नाहीत, कारण टाकीत आधीच कोरडा भुसा असतो.

इतके करूनही कोणास विजेचा धक्का बसलाच, तर त्याला हात लावावयाचा नाही. धावत जाऊन त्याला ओढावे असे प्रत्येकाला वाटते, आणि ओढणारा दुसराही मुठीत सापडतो. आधी मेन स्विच. तो जवळ नसेल, तर मोठ्या माणसाने कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी दांड्याने वायर बाजूला करावी. मुलांनी मोठ्याने ओरडून माणसे गोळा करावीत आणि 108 या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. हृदय थांबले असेल, तर ते येईपर्यंत माहितगार माणसाने छाती दाबीत राहावे लागते.

काम उरकले की बटन बंद करावे, प्लग काढावा आणि मगच झाकण उचलावे. 30 लिटर पाणी म्हणजे 30 किलोग्रॅम वजन. म्हणून भरलेली टाकी उचलून कलंडवीत नाहीत, तळाच्या बुचातून पाणी सोडतात. कोरड्या केरासाठी लागणारी कागदाची गाळणी पाणी ओढण्यापूर्वीच काढून ठेवलेली असते. तिच्या जागी पाण्यासाठी स्पंजाची बसवितात. हा स्पंज धुऊन, पिळून, सावलीत टांगावा आणि पूर्ण वाळल्यावरच आत ठेवावा. आषाढात त्याला दोन दोन दिवस लागतात.